जुन्या बोलेरोचे ब्रेक घरच्या घरी, कमी खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी बोलेरो २००९ ची. कोल्हापुरातून निघून आठ-पंधरा दिवसांतून एकदा तरी ती गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटाने कोकणात उतरते. त्यामुळे ब्रेक हा माझ्या घरात चेष्टेचा विषय नाही. गेली काही वर्षं पॅड, शू, ऑइल हे सगळं मी अंगणातच बदलतो. ओळखीतले लोक फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून काढलंय. रचना पुढे डिस्क, मागे ड्रम अशी धरली आहे: पुढे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटतात, मागे फिरणाऱ्या ड्रमला शू आतून दाबतात. जुनी स्कॉर्पिओ, क्वालिस, टवेरा असेल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

हे काम खरंच घरी जमतं का?

पुढचे पॅड बदलणं जमतं. पंक्चरचं चाक स्वतः बदलणाऱ्याला ते तीन तासांत जमेल, दुसऱ्या वेळी दीड तासात. मागचे शू त्याहून किचकट. स्प्रिंगा असतात, त्या हातातून निसटून कंपाउंडच्या पलीकडे जातात आणि मग संध्याकाळ त्या शोधण्यात जाते. तरीही जमतं. ऑइल बदलून एअर (पाइपात शिरलेली हवा) काढायला दुसरा माणूस लागतो, बाकी त्यात अवघड काही नाही.

घरी करू नये अशी कामं म्हणजे गंजलेले लोखंडी ब्रेक पाइप, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा). पुढची डिस्क हबसकट निघत असेल आणि बेअरिंग उघडावं लागत असेल, तर तेही मेकॅनिककडेच. बेअरिंग किती आवळायचं हे हाताला कळावं लागतं, आणि माझ्या हाताला ते अजून नीट कळत नाही.

ब्रेक गेले आहेत हे ओळखायचं कसं?

सगळे आवाजाची वाट बघतात. पॅडला एक पातळ पत्री असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून किंचाळते. पण सगळ्या पॅडना ती नसते आणि स्वस्तातल्यांना तर बहुधा नसतेच. म्हणून चाक काढून बघा. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी मसाला (घासणारा थर) असतो, ३ मिमी राहिला की बदला. फक्त मसाला मोजा, मागचा पत्रा धरू नका.

मात्र एक चूक सगळेच करतात. रिमच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो, तो जाड दिसला की माणूस खूश. माझ्या गाडीचा डावीकडचा बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक होता आणि आतला पत्र्यापर्यंत संपलेला. डिस्कवर आतल्या बाजूने नांगरट झाली होती. कारण पुढच्याच प्रश्नात आहे.

मागच्याच वर्षी नवे पॅड टाकले, तरी ब्रेक नीट लागत नाहीत. पॅड डुप्लिकेट निघाले का?

असतीलही. पण मी आधी पिना बघेन.

कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा, दोन पिनांवर सरकतो. पेडल दाबलं की पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कला लावतो. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतला पॅड एकटा करतो आणि तोच संपतो. आपल्याकडे पावसाळ्यात चिखलातून गाडी जाते, रबरी बूट फाटतो, पाणी शिरतं, ग्रीसचं पिठलं होतं आणि पिन गंजून बसते. मग कोणी नवे पॅड टाकले तरी पिना तशाच राहतात, कारण गॅरेजात चार गाड्या रांगेत असतात आणि पिना साफ करायचे पैसे कोणी देत नाही.

जुन्या गाडीच्या ब्रेकचा खरा आजार बहुतेक वेळा तीन ठिकाणी असतो: अडकलेल्या पिना, सैल झालेली मागच्या ड्रमची सेटिंग (शू आणि ड्रममधलं अंतर) आणि वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल. तिन्ही कामांना सामान जवळजवळ काहीच लागत नाही, वेळ लागतो. घरी काम करण्यातली खरी बचत मजुरीची नसून हीच आहे. गॅरेजवाला देऊ शकत नाही तो अर्धा तास आपण एका पिनेला देऊ शकतो.

किती खर्च येईल?

मला आलेला ढोबळ हिशेब सांगतो. पुढच्या पॅडचा सेट दीड हजाराच्या आतबाहेर, मागच्या शूचा सेट साधारण तेवढाच. ब्रेक ऑइल अर्धा लिटर अडीचशे-तीनशेला, पूर्ण बदलायला एक लिटर घ्या. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, ब्रेक क्लीनरचा एक कॅन, पॉलिश पेपर, प्लास्टिकची नळी. चार हजारांत सगळं बसतं. डिस्क बदलायच्या असतील तर हिशेब वेगळा.

हत्यारं पहिल्यांदा घ्यावी लागतात. चांगला गोटी पान्याचा सेट, सी-क्लँप, तारेचा ब्रश आणि दोन घोड्या (उचललेली गाडी धरणाऱ्या लोखंडी तिपाया). घोड्यांवर काटकसर करू नका. त्यांच्याविषयी खाली रागावून लिहिलंय.

पैसे कुठे वाचवता येतात आणि कुठे नाही?

मागच्या शूवर वाचवता येतात. जुने शू घेऊन लायनरवाल्याकडे जा. तो जुना मसाला काढून नवं लायनर रिबिटने बसवून देतो. ही कला अजून जिवंत आहे, ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांनी जिवंत ठेवली आहे. घेताना दोन गोष्टी बघा. रिबिटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागापासून चांगलं खोल असावं, नाहीतर थोडं झिजलं की धातू ड्रमला चरे पाडतो. आणि लायनर शूला सगळीकडून घट्ट टेकलेलं असावं. पोस्टकार्डाचा कोपरा मध्ये शिरला तर परत द्या.

ड्रमला चरे असतील तर लेथवर टर्निंग करून मिळतं. आमच्याकडे उद्यमनगरात लेथला तोटा नाही, तुमच्याकडेही एमआयडीसीच्या तोंडाशी कोणीतरी असेलच. पण ड्रमवर जास्तीत जास्त व्यास आणि डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्या आकड्याच्या पलीकडे गेलेला भाग भंगारात. लेथवाला टर्निंग करून देईल, तो आकडा विचारणार नाही. विचारायचं काम आपलं.

वाचवायचं नाही ते पॅड, रबरी होज पाइप, सीलचं किट (कॅलिपरच्या आतल्या रबरांचा संच) आणि ऑइल यांवर. बॉश, अलाइड निप्पॉन असे नावाजलेले पर्याय कंपनीच्या पॅडपेक्षा स्वस्तात मिळतात आणि चांगले चालतात. पण खोक्यावरचं नाव ओळखीचं आणि छपाई पुसट असली, तर दुकान बदला. बिल मागा. बिलाला नको म्हणणाऱ्याकडून ब्रेकचं सामान घेऊ नये.

जुन्या बाजारातून घेतलं तर?

पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. सापडत नाही असं तिथे काही नाही. कॅलिपरचा ब्रॅकेट, ड्रम, धूळ अडवणारा पत्रा हे मोजून, बघून जरूर घ्या. जुना कॅलिपर घेतलात तर नवं किट टाकूनच लावा. पॅड, शू, होज जुने? नाही.

सामान घेताना काय सांगायचं? ‘बोलेरोचे पॅड द्या’ म्हटलं की चालतं का?

चालत नाही. बोलेरो २००० साली आली, नाव तेच राहिलं, आतलं सामान बदलत गेलं. आरसी बुकचा फोटो आणि चेसिस नंबर घेऊन जा. त्याहून चांगलं म्हणजे जुना पॅड काढून कागदात गुंडाळून काउंटरवर ठेवा. पण मग गाडी चाकाविना उभी राहते आणि दुकान रविवारी बंद. मी आता आदल्या शनिवारी चाक काढून पॅडचे दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढतो आणि चाक परत लावतो.

एकाच बाजूचा पॅड संपलाय. तेवढाच बदलू का?

नाही. पुढची दोन्ही चाकं एकदम, मागची दोन्ही एकदम. नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढेल.

गाडी उचलताना काय काळजी घ्यायची?

इथे मी जरा लांबण लावणार आहे.

जॅक हा गाडी उचलायला असतो, गाडी धरून ठेवायला नाही. बोलेरोचं वजन दीड टनाच्या वर. जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालणं म्हणजे विहिरीच्या कठड्यावर झोपण्यासारखं. घोड्या घ्या. घोडी म्हणजे लोखंडी तिपाई, वर खाच असलेली. चेसिसच्या मजबूत भागाखाली किंवा मागच्या अॅक्सलखाली लावा आणि जॅक किंचित उतरवून वजन घोडीवर येऊ द्या. मग गाडीला खांद्याने धक्का देऊन बघा. हलली तर पुन्हा लावा. विटा, सिमेंटचे ब्लॉक, नारळाच्या झाडाचा ओंडका, हे सगळं मी लोकांकडे पाहिलंय. वीट वजनाखाली आधी सांगून फुटत नाही. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा, ती शेवटची राखीव.

जमीन सपाट आणि कडक हवी. आमच्या अंगणात फरशी आहे. शेणाच्या सारवणावर किंवा मुरुमावर काम करायचं असेल तर जॅकखाली जाड फळी घ्या.

आणि एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. मागचं काम करताना ‘गाडी गिअरमध्ये आहे ना, मग कुठे जाते’ असं वाटतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि गिअर गाडीला धरून ठेवत नाही. ड्रम काढण्यासाठी हँडब्रेकही सोडलेला असतो. म्हणजे गाडी धरायला उरतात फक्त पुढच्या चाकांना लावलेले ठोकळे. दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी, लाकडाचे चांगले पाचरीसारखे ठोकळे लावा.

पुढचे पॅड बदलायची पद्धत थोडक्यात सांगाल?

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. गाडी उचला, घोडी लावा, चाक काढा. स्टिअरिंग बाहेरच्या बाजूला वळवा म्हणजे कॅलिपर समोर येतो. बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करा.

खालचा पिनबोल्ट काढला की बहुतेक कॅलिपर वर उघडतात, पुस्तकासारखे. पूर्ण काढावा लागला तर तारेने वर बांधून ठेवा. होजवर लोंबकळू देऊ नका, आतून होज फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही. पॅड काढण्याआधी फोटो काढा. कोणती पत्री कुठे, शिम (पॅडमागचा पातळ पत्रा) कुठली, हे नंतर आठवत नाही.

जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लँपने हळूहळू पिस्टन आत दाबा. याच वेळी डबीतलं ऑइल वर चढतं. मध्येच कोणी टॉपअप केलेलं असेल तर सांडतं. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून सांडलं की लगेच पाणी टाकून धुवा. पिस्टन जोर लावूनही हलत नसेल तर थांबा, कॅलिपर उघडून किट टाकायची वेळ आलेली आहे.

आता पिना. दोन्ही बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. खड्डे पडले असतील तर नवी पिन. तिच्या भोकातही कापड फिरवा. लावायला ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस वापरा. डब्यातलं पिवळं चेसिस ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते, म्हणजे ज्यासाठी दुपार घालवली तेच परत. बूट फाटका असेल तर बदला, काही रुपयांचा असतो.

ब्रॅकेटवर पॅडचे कान बसतात त्या खाचा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. नवा पॅड बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तो परत सुटणार नाही, डिस्कला घासत राहील आणि चाक तापेल. डिस्कवर हाताचं ग्रीस लागलं असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. बोल्ट आवळा, टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्याला. चाक लावताना नट आडवे-उभे आलटून-पालटून आवळा, शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर.

आणि इंजिन चालू करण्याआधी पेडल मारा.

पेडल मारण्याचं एवढं काय?

पिस्टन तुम्ही पार आत ढकललेला असतो. पहिले तीन-चार दाब तो परत पॅडपर्यंत आणण्यातच जातात. तोपर्यंत पेडल जमिनीला टेकतं आणि ब्रेक शून्य.

हे मला माहीत होतं. तरीही पहिल्या वेळी सगळं झाल्याच्या आनंदात गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि ब्रेकवर पाय ठेवला तो थेट खाली गेला. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडी तुळशीवृंदावनापर्यंत पोचली होती. वृंदावन वाचलं, शेजारची अनंताची कुंडी गेली. आई ओसरीवरून फक्त एवढंच म्हणाली, “गॅरेजवाल्याला दिलेले पैसे दिसतात रे, कुंडीचे दिसत नाहीत.”

आता मी स्टिअरिंगला चिकटपट्टी लावून ठेवतो, त्यावर लिहिलेलं असतं: पेडल.

मागचा ड्रम निघतच नाही. हातोडी मारू का?

आधी हँडब्रेक सोडलाय का ते बघा. हसू नका, मी विसरलोय.

तरी निघत नसेल तर दोन कारणं. ड्रम हबला गंजाने चिकटलाय, किंवा ड्रमच्या आत कड झालीय आणि शू त्या कडेत अडकलेत. पहिल्यासाठी मध्यभागी गंज सोडवणारं स्प्रे मारून तासभर थांबा. ड्रमवर आटे असलेली दोन भोकं असतील तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून एक-एक फेरा आलटून-पालटून आवळत जा, ड्रम आपोआप बाहेर येतो. दुसऱ्यासाठी मागच्या प्लेटच्या भोकातून अॅडजस्टरचं दातेरी चाक उलटं फिरवून शू आत घ्या. हातोडी मारायचीच तर लाकूड मध्ये ठेवून. ड्रम बिडाचा असतो, कडेवर थेट घाव बसला की तडा जातो.

आतला काळा भुगा कसा साफ करायचा?

फुंकर नाही, हवेचा पाइप तर मुळीच नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो श्वासातून गेला की फुप्फुसात कायमचा राहतो. मास्क लावा, साबणाचं पाणी किंवा ब्रेक क्लीनर मारून भुगा ओला करा आणि फडक्याने पुसा. फडकं पिशवीत बांधून टाका. पोरांना त्या वेळी अंगणात खेळू देऊ नका.

शू बसवताना कुठली स्प्रिंग कुठे, गोंधळ होतो.

सगळ्यांचा होतो. म्हणून दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. उजवी उघडली की डावी तशीच बंद ठेवा. अडलं तर डावीचा ड्रम काढून बघा, तोच तुमचा नकाशा, फक्त आरशातला. काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शूवरच्या लायनरची लांबी वेगळी असते, ते अदलाबदल होऊ देऊ नका. अॅडजस्टर डावा-उजवा वेगळा असतो, तोही नाही.

जुने शू काढले की व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) रबरी बूट बोटाने किंचित उचलून बघा. आत ओल दिसली तर सील गळतंय. ते न बदलता नवे शू टाकले तर महिनाभरात नवे शू ऑइलने भिजतील. भिजलेलं लायनर धुऊन, उन्हात वाळवून, तव्यावर भाजून परत वापरणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीत मी बसत नाही.

नवे शू टाकल्यावर पेडल खूप खाली जातंय.

सेटिंग राहिलीय. ड्रम बसवून अॅडजस्टर इतका फिरवा की चाक हाताने फिरवताना शू घासल्याचा हलका आवाज येईल, पण चाक अडणार नाही. दोन्ही बाजू सारख्या करा. ती झाल्यावरच हँडब्रेकची केबल ताणा. लोक उलटं करतात: हँडब्रेक वर येतो म्हणून केबल ताणत राहतात, आत शू तसेच सैल.

ब्रेक ऑइल कोणतं आणि किती दिवसांनी?

डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं आणि यांत मिसळत नाही. डॉट ५.१ हे वेगळं, नावाला फसू नका.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. मानकाप्रमाणे डॉट ४ कोरडं असताना किमान २३०° सेल्सिअसला उकळायला हवं, ओलावा शोषलेलं असताना किमान १५५° ला. डॉट ३ चे तेच आकडे २०५° आणि १४०°. घाट उतरताना सतत ब्रेक दाबत राहिलं की कॅलिपर तापतो, आतलं ओलसर ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पेडल पोकळ होतं. पावसाळ्यात गगनबावड्याच्या करूळ घाटाच्या हवेत ओलावा किती असतो हे सांगायला नको. दर दोन वर्षांनी बदला. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका.

एअर कशी काढायची?

सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलवर (प्रत्येक चाकाशी हवा सोडायचा बारीक बोल्ट) आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा आणि सहा कोनी गोटीच लावा. जोर लावून निपल मोडलं तर त्या दिवशीची बचत संपली.

निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीत थोडं ऑइल. पुतण्या सीटवर, मी चाकाशी.

“दाब.”
“दाबलं.”
“धरून ठेव.” मी निपल अर्धा फेरा उघडतो, बुडबुडे येतात.
“काका, खाली चाललं!”
“जाऊ दे, सोडू नकोस.” मी निपल बंद करतो. “आता सोड.”

निपल उघडं असताना पाय उचलला की हवा परत आत. एवढा एकच नियम. मध्येमध्ये डबी भरत राहा. ती रिकामी झाली तर चारही चाकं पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते पार तळाला जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील जिथे कधी पोचत नाही, तिथे गंज साचलेला असतो. त्यावरून सील घासलं की फाटतं, आणि पाच-सहाशे रुपयांच्या ऑइलपायी मास्टर सिलिंडर बदलावा लागतो.

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर?

भारतात सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ च्या एप्रिलपासून. त्याआधीच्या बहुतेक बोलेरोंत ते नाही. तुमच्या गाडीत असेल तर पिस्टन आत दाबताना निपल उघडून जुनं ऑइल नळीतून बाहेर सोडा. ती घाण मागे एबीएसच्या युनिटमध्ये ढकलायची नाही. मागच्या अॅक्सलवर लोडप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याच्या दांड्याला हात लावू नका.

पेडल दगडासारखं कडक आहे, पण गाडी थांबत नाही.

गाडी घाट उतरत होती आणि करपल्याचा वास येत होता, तर पॅड तापले आहेत. कडेला घ्या, थंड होऊ द्या, पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. पुढचा उतार दुसऱ्या गिअरवर, जास्तच उभा असेल तर पहिल्यावर.

सपाटीवर, थंड असतानाही कडक असेल तर बूस्टर बघा. इंजिन बंद करून पेडल सात-आठदा मारा, कडक होईल. पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय, पंप गेलाय किंवा बूस्टर. डिझेल गाडीत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, बऱ्याचदा ऑल्टरनेटरच्या मागेच बसवलेला. म्हणजे बेल्ट तुटला की बॅटरी चार्ज होणं थांबतं आणि ब्रेकही जड होतो. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

नवे पॅड लावल्यापासून चूं-चूं आवाज येतो.

पॅडच्या मागच्या पत्र्याला ग्रीसचा पातळ थर लावला होता का? शिम परत बसवली होती का? बहुतेक वेळा तेच असतं. सतत खरखर असेल तर डिस्कमागचा पातळ पत्रा हात लागून वाकलेला असतो, बोटाने मागे घ्या. ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडत असेल तर डिस्क वाकडी, किंवा डिस्क आणि हबच्या मध्ये गंजाचा खवला.

पंचगंगेला पाणी आलं होतं, पुलावरून पाण्यातून गाडी काढली. आता मागचे ब्रेक लागतच नाहीत.

ड्रममध्ये पाणी आहे. सावकाश चालवत हलका ब्रेक दाबून ठेवा, थोड्या अंतरात सुकतं. चिखलाचं पाणी असेल तर घरी येऊन ड्रम उघडून धुवा, नाहीतर गाळ लायनरमध्ये बसून ड्रम खातो. आणि पुलावर पाणी असताना गाडी घालू नका, हेही सांगायला हवं.

गाडीला १५ वर्षं झाली. पासिंगला घरी केलेले ब्रेक चालतात का?

चालतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासतात. ब्रेक कोणी लावले हे विचारत नाहीत, लागतात का ते बघतात. हँडब्रेक विसरू नका.

काम झाल्यावर पहिल्यांदा घाटात कधी न्यायची?

त्याच दिवशी नाही. आधी मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगाने जाऊन मध्यम दाबाने १० पर्यंत आणा, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून. तापलेले असताना पूर्ण थांबून पाय दाबून ठेवू नका. पॅड डिस्कवर बसायला शे-दोनशे किलोमीटर लागतात. तेवढे शहरात चालवा, मग चाकाचे नट पुन्हा आवळा आणि डबीतलं ऑइल बघा. त्या दिवसांत पातळी खाली गेली असेल तर कुठेतरी गळतंय, घाट विसरा.

मग गगनबावड्यापर्यंत जा. गाव आलं की उतार सुरू होण्याआधी गाडी कडेला घेऊन चारही रिमांजवळ हाताची उलटी बाजू न्या, चिकटवू नका. पुढची दोन एकमेकांसारखी आणि मागची दोन एकमेकांसारखी तापलेली असली पाहिजेत. एकच चाक जास्त भाजत असेल तर तिथली पिन अजून अडकतेय. चहा घ्या, थंड होऊ द्या आणि गाडी कोल्हापूरकडे वळवा.